घड्याळाचे काटे सरकतात तेव्हा...

प्रतिनिधी, पुणे

दरवर्षी मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतील घड्याळे एकदम तीन वाजल्याचे दाखवू लागतात. दोन ते तीन हा तास त्या दिवशी उगवतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता काटे पुन्हा एकवर आणले जातात आणि तोच तास लोक दुसऱ्यांदा जगतात. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई ही राज्ये या खेळात सामील होत नाहीत, बाकी सारा देश होतो. युरोपीय देशांत हाच प्रकार मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा लंडन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे आता अंगवळणी पडले आहे. हिंजवडी किंवा खराडीतील कार्यालयांत बसून परदेशी वेळेनुसार काम करणाऱ्यांच्या दिनक्रमालाही त्याचा हिसका वर्षातून दोनदा बसतोच.

या बदलाकडे बहुतेक जण एक कटकट म्हणूनच पाहतात. मार्चमध्ये कुरकुर करायची, नोव्हेंबरमध्ये तासभर जास्त लोळायचे आणि आठवडाभरात सारे विसरून जायचे, असा रिवाज आहे. परंतु झोप आणि सवयी या दोन विषयांवर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झाले आहे, ते पाहता या कटकटीचा उपयोग करून घेता येतो. दिनक्रम वर्षातून दोनदा सक्तीने विस्कटणारच असेल, तर तो पुन्हा जुन्याच जागी बसवण्याऐवजी हवा तसा मांडता येतो. त्यासाठी दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. तयारी त्या रविवारच्या आधी सुरू व्हायला हवी; आणि मार्चचा रविवार व नोव्हेंबरचा रविवार हे स्वभावाने अगदी परस्परविरुद्ध आहेत.

कल्पना कोणाची?

घड्याळ पुढे करण्याच्या कल्पनेचे श्रेय अनेकदा बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते. ते चुकीचे आहे. फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्राला लिहिलेले पत्र निव्वळ विनोदी होते. पॅरिसकरांनी मेणबत्त्यांचा खर्च वाचवण्यासाठी सूर्याबरोबर उठावे, त्यासाठी खिडक्यांच्या झडपांवर कर बसवावा, पहाटे चर्चच्या घंटा वाजवाव्यात आणि त्याने भागले नाही तर तोफा डागाव्यात, असे त्यांनी सुचवले होते. घड्याळाला हात लावायचे त्यांच्या मनातही नव्हते.

तो विचार प्रथम नीट मांडला न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी, १८९५ मध्ये. हडसन टपाल खात्यात नोकरी करीत आणि उरलेला वेळ कीटक गोळा करण्यात घालवीत. कचेरी सुटल्यावर उजेड उरावा, एवढीच त्यांची इच्छा होती. इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये स्वतंत्रपणे याच विषयावर पुस्तिका काढली. विलेट यांची योजना आजच्या पद्धतीपेक्षा अधिक शहाणपणाची होती, असे म्हणावेसे वाटते. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे पुढे जायचे आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तितकेच मागे यायचे, अशी ती होती. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धात कोळशाची बचत करण्यासाठी जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे पुढे केली तेव्हा, आणि तीन आठवड्यांनी ब्रिटनने त्यांचा कित्ता गिरवला तेव्हा, एका तासाची एकच उडी ठरली. विलेट तोवर हयात नव्हते. १९१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

भारतानेही हा प्रयोग केलेला आहे, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाची प्रमाणवेळ एक तास पुढे होती. मुंबईकरांची स्वतःची 'मुंबई वेळ' तर प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे असे आणि शहराने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे घड्याळ ही माणसाने ठरवलेली गोष्ट आहे, याचा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलाच होता. शांततेच्या काळात मात्र महाराष्ट्राला ऋतूनुसार काटे फिरवण्याची गरज नाही. मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. लंडनमध्ये हाच फरक जेमतेम आठ तास आणि साडेसोळा तास इतका आहे. एवढी तफावत असल्यावर दिनक्रम वर्षभर एकच ठेवणे अवघडच जाणार.

शरीरातले घड्याळ कोण फिरवणार?

भिंतीवरचे घड्याळ एका क्षणात पुढे जाते. शरीरातले जात नाही. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदावर काही हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब, भूक या साऱ्यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. पेशींमधील या घड्याळाची यंत्रणा उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाचा स्वतःचा फेरा बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो. ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड त्याला पुन्हा जागेवर आणतो. सकाळचा उजेड शरीराला लवकरच्या वेळेकडे ओढतो, तर रात्रीचा उजेड उशिराकडे ढकलतो. या विषयातून घरी न्यायचे एकच सूत्र निवडायचे झाले, तर ते हेच.

त्यामुळे उशिरा झोपणे शरीराला सोपे वाटते आणि लवकर झोपणे कठीण. नोव्हेंबरमधील बदल म्हणूनच सहज पचतो, मार्चमधला पचत नाही. मार्चच्या रविवारनंतर सोमवारी सकाळी सहाचा गजर होतो तेव्हा शरीराच्या लेखी पाचच वाजलेले असतात. त्यात बाहेरचा उजेड तासभर उशिरा येतो आणि संध्याकाळी तासभर जास्त रेंगाळतो. म्हणजे घड्याळ सांगते लवकर झोपा आणि सूर्य सांगतो उशिरा झोपा.

याची किंमत मोजली गेलेली आहे. अमेरिकेतील खाणकामगारांच्या अपघातांच्या १९८३ ते २००६ या काळातील नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्चमधील बदलानंतरच्या सोमवारी दुखापती सुमारे सहा टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले, आणि त्यांच्यामुळे बुडालेले कामाचे दिवस दोन तृतीयांशांनी अधिक होते. याच संशोधनानुसार त्या रात्री लोक सरासरी ४० मिनिटे कमी झोपतात. मिशिगन राज्यातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या सोमवारी हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण २४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. संपूर्ण आठवड्याची बेरीज मात्र बदललेली नव्हती. म्हणजे ज्यांना आठवडाभरात केव्हातरी झटका यायचा होता, त्यांना तो सोमवारीच आला, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासाने त्या आठवड्यात प्राणघातक मोटार अपघात सहा टक्क्यांनी वाढत असल्याचे दाखवले. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. एका तासाला आपण समजतो तितका तो क्षुल्लक नाही, एवढे त्यांतून कळावे.

विस्कटण्याचा फायदा

सवयींच्या अभ्यासकांना हाच बदल वेगळ्या अंगाने महत्त्वाचा वाटतो. सवय म्हणजे ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक खुणेमुळे विचार न करता घडणारी कृती. ती खूण हलली की माणूस क्षणभर तरी विचार करतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानके बंद राहिल्याने हजारो प्रवाशांना दुसरा मार्ग शोधावा लागला. अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी पासांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा संप मिटल्यावरही सुमारे पाच टक्के प्रवासी जुन्या मार्गावर परतलेच नाहीत, असे दिसून आले. वर्षानुवर्षे ते गैरसोयीच्या मार्गाने जात होते आणि बळजबरीने अडवले गेल्याशिवाय त्यांना ते कळले नव्हते. पाच टक्के हा आकडा लहान आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पंचाण्णव टक्के लोक मुकाट्याने जुन्या वाटेला लागले. नवा आठवडा, वाढदिवस, वर्षारंभ अशा दिवशी नवे काही सुरू करण्याचा हुरूप लोकांना अधिक असतो, हेही २०१४ च्याच एका संशोधनात दिसले. आपल्याकडे पाडव्याच्या मुहूर्ताचे महत्त्व सांगायला संशोधनाची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेतील अग्निशमन दलांनी ही युक्ती केव्हाच ओळखली. घड्याळ बदलाल त्या दिवशी घरातील धूरसूचक यंत्राची बॅटरीही बदला, असे आवाहन ती वर्षानुवर्षे करीत आली आहेत. एरवी कोणाला आठवणार नाही असे काम त्यांनी न चुकता येणाऱ्या दिवसाला बांधून टाकले. औषधांच्या कपाटातील मुदत संपलेल्या गोळ्या काढणे, गादी उलटी करणे, मुलांची झोपायची वेळ नव्याने ठरवणे ही कामेही त्याच दिवसाला जोडता येतील.

नोव्हेंबर: फुकटात मिळालेला तास

पहाटे उठण्याची सवय लावू इच्छिणाऱ्याला वर्षभरात नोव्हेंबरच्या त्या रविवारइतकी अनुकूल संधी दुसरी नाही. रोज रात्री अकराला झोपून सकाळी साडेसहाला उठणारा माणूस त्या रविवारी आपोआप साडेपाचला जागा होतो, कारण शरीराच्या मते साडेसहाच वाजलेले असतात. एरवी महिनोन्महिने धडपडून जे साधत नाही ते एका रात्रीत हातात पडलेले असते. करायचे काही नसते, फक्त ते गमवायचे नसते. बहुतेक लोक ते गमावतात. शनिवारी रात्री 'उद्या तास जास्त आहे' म्हणून गप्पा लांबतात. उपरोल्लेखित खाणकामगारांच्या अभ्यासातही नोव्हेंबरमध्ये लोकांची झोप लक्षात येण्याइतकी वाढलेली दिसली नाही.

हा तास राखायचा असेल तर सकाळपेक्षा रात्रीकडे लक्ष द्यावे लागते. रात्रीचे जेवण नव्या घड्याळाप्रमाणे तासभर आधी, म्हणजे आठऐवजी सातला घ्यावे. साडेनऊपासून घरातले दिवे मंद करावेत आणि दहाला अंथरुणावर असावे. मोबाइलचा पडदाही उजेडच असतो. सकाळी उठल्यावर शक्य तितक्या लवकर बाहेरचा प्रकाश डोळ्यांवर पडू द्यावा. न्यूयॉर्क परिसरात त्या रविवारी सूर्योदय सुमारे ७.२५ वरून ६.२५ वर येतो, त्यामुळे साडेसहाचा फेरफटका उजेडात होतो. पहिला आठवडा निर्णायक असतो. त्या आठवड्यात दोन रात्री जरी जागरण झाले, तरी शरीराचा मूळचा मागे पडण्याचा स्वभाव उरलेले काम पुरे करतो.

याची दुसरी बाजू संध्याकाळची आहे. न्यूयॉर्कमध्ये पाचच्या आत सूर्य मावळू लागतो. कचेरी सुटल्यावर चालायला जाण्याचा नेम त्या दिवसापासून बंद पडतो आणि अनेकांच्या बाबतीत तो मार्चपर्यंत बंदच राहतो. हा व्यायाम थांबवण्यापेक्षा सकाळी किंवा दुपारच्या सुट्टीत हलवणे हाच खरा बदल होय. अंधारात पायी घरी परतणाऱ्यांनी फिकट रंगाचे कपडे वापरावेत, ही सूचनाही त्यातच येते.

योगायोग असा की, हा काळ आपल्याकडे पहाटे उठण्याचाच मानला गेला आहे. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रात गावोगावच्या देवळांत काकड आरती होते. मध्ये दिवाळीची अभ्यंगस्नाने येतात. २०२४ मध्ये तर भाऊबीज आणि अमेरिकेतील घड्याळ मागे घेण्याचा दिवस एकच, ३ नोव्हेंबर, होता. काकडा महिनाभर टिकतो, कारण त्या वेळी शेजारचेही उठलेले असतात. एकट्याने दहाला झोपायचे आणि बाकीच्या घराने बाराला, हे चालत नाही. परदेशातील छोट्या कुटुंबात निदान नवरा-बायकोने तरी एकाच दिवशी एकच वेळ धरली, तर नव्या नेमाला आधार मिळतो.

मार्च: आधीचा आठवडा महत्त्वाचा

मार्चमध्ये मात्र नवे संकल्प त्या रविवारपासून सुरू करू नयेत, असेच स्पष्टपणे म्हणावे लागेल. झोप आधीच तुटलेली असते. तेव्हा व्यायामाचा नवा वर्ग किंवा कडक आहार यांची भर घातली, तर दोन्ही बुडतात. येथे काम करायचे ते आधीच्या आठवड्यात. बुधवारपासून रोज पंधरा मिनिटे लवकर झोपायचे आणि पंधरा मिनिटे लवकर उठायचे. चार दिवसांत तास भरून निघतो आणि रविवारी घड्याळ फक्त शिक्कामोर्तब करते. लहान मुलांना याचा फायदा सर्वांत जास्त होतो, कारण त्यांना सोमवारी शाळेसाठी ओढून उठवावे लागत नाही. जेवणाच्या वेळाही त्याच बेताने सरकवाव्यात. ठरावीक तासांच्या अंतराने औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी वेळेतील बदल डॉक्टरांना विचारून करावा. सोमवारी सकाळी दूरचा मोटारप्रवास टाळता आला, तर उत्तम.

हळूहळू बदलण्याचे हे तत्त्व आपल्याला नवे नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून होणाऱ्या चौदा दिवसांना त्यात ऋतुसंधी म्हटले आहे. या काळात जुना आहारविहार टप्प्याटप्प्याने सोडावा आणि नवा तसाच क्रमाक्रमाने धरावा, एकदम बदल केल्यास विकार होतात, असे वाग्भट सांगतो. विलेट यांच्या वीस-वीस मिनिटांच्या योजनेशी हे किती जुळते! कायदे करणाऱ्यांनी क्रम सोडला, पण घरापुरता तो पाळायला कोणाची हरकत नाही.

ही पद्धत राहणार का?

ती जावी, असे मत वाढते आहे. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेने २०२० मध्ये वर्षभर मूळची प्रमाणवेळच ठेवावी, अशी भूमिका घेतली. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये हा प्रघात २०२१ पासून बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, पण सदस्य देशांच्या सरकारांचे एकमत झाले नाही. अमेरिकी सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायम उन्हाळी वेळ ठेवण्याचे विधेयक संमत केले. प्रतिनिधिगृहात ते अडले. मेक्सिकोने त्याच वर्षी बहुतेक देशापुरता हा प्रकार संपवला. कायम उन्हाळी वेळेचा प्रयोग अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये करून पाहिला होता. मुलांना काळोखात शाळेत जावे लागते म्हणून पालक संतापले आणि वर्षअखेरीच्या आत तो गुंडाळावा लागला. रशियानेही २०११ मध्ये स्वीकारलेली कायम उन्हाळी वेळ २०१४ मध्ये सोडली. प्रस्तुत प्रतिनिधीला डॉक्टरांची बाजू अधिक पटते. पण निर्णय होईपर्यंत काटे फिरत राहणार.

पुण्यातील रात्रपाळीचे काय?

भारतात काटे फिरत नसले, तरी त्यांचा परिणाम येथे पोहोचतो. न्यूयॉर्कमधील सकाळी नऊची बैठक हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसातला होते, उन्हाळ्यात साडेसहाला. कॅलिफोर्नियातील तीच वेळ हिवाळ्यात रात्री साडेदहा, तर उन्हाळ्यात साडेनऊ असते. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजमध्ये सोने, चांदी, खनिज तेलाचे व्यवहार अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना रात्री साडेअकरापर्यंत चालतात आणि ती संपली की ११.५५ पर्यंत.

येथे हिशेब उलटा होतो. अमेरिकेतील माणसाचा तास मार्चमध्ये हरवतो, तर पुण्यातील कर्मचाऱ्याला त्याच आठवड्यात रात्रीचा एक तास मोकळा मिळतो आणि तो थेट नोव्हेंबरपर्यंत, जवळपास आठ महिने त्याचा असतो. येथील सूर्य जागचा हललेला नसतो, त्यामुळे शरीराला धक्काही नसतो. रात्री साडेदहाऐवजी साडेनऊला काम आटोपणाऱ्याला मुले जागी असताना घरी पोहोचता येते, जेवण लवकर उरकता येते. तो तास पहिल्याच आठवड्यात नावावर लावून घेतला नाही, तर कार्यालय किंवा मोबाइल तो गिळतो. नोव्हेंबरमध्ये पाळी पुन्हा लांबते तेव्हा सकाळी उठायची वेळ तीच ठेवून दुपारी अर्धा तास झोप घ्यावी, की सगळाच दिवस तासभर पुढे ढकलावा, हे ज्याने त्याने मुलांच्या शाळेची वेळ पाहून ठरवावे. घरी शाळकरी मूल असेल, तर पहिला मार्ग सोयीचा.

ज्यांचे ग्राहक अमेरिका आणि ब्रिटन अशा दोन्ही देशांत आहेत, त्यांची खरी तारांबळ मार्चच्या दुसऱ्या आणि शेवटच्या रविवारच्या दरम्यान होते. त्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क एक तास अलीकडे आलेले असते आणि लंडन अजून तिथेच असते, त्यामुळे एरवी पाठोपाठ होणाऱ्या बैठका एकमेकींवर आदळतात. ऑक्टोबरअखेरीस लंडन आधी मागे जाते, तेव्हाही आठवडाभर हाच घोळ असतो. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवलेल्या बऱ्या.